मोटर मागं घेण्याची सार्वजनिक पद्धत

मोटर पुढं नेणं हे एकट्याचं काम आहे. मागं घेणं मात्र सार्वजनिक कार्य आहे. बैल मुळातच मागं सरायला राजी नसतो, त्यामुळं बैलगाडीच्या काळात समाजाला ही सेवा करायची संधीच मिळाली नाही. निपाणी-बेळगाव सर्व्हिस मोटर सुरू झाली आणि ती उणीव भरून निघाली.

त्या मोटरीचा ड्रायव्हर ज्योतिबा, कडोलीचा. गावात मोटरीचं लायसन मिळवणारा पहिलाच, म्हणून वयानं वडील माणसंही त्याला ‘आप्पा’ म्हणत. लायसन गेलं की उद्यापासून पुन्हा ‘ए ज्योत्या’, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

१९३६ सालच्या एका बाजारदिवशी निपाणीत त्यानं वळवायला मोटर मागं घेतली. मागं न बघता. कशाला बघावं? बघायला अकरा जण हजर होते की! पैकी सहा ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणत होते, चार कानडीत ‘बरली, बरली’ म्हणत होते (दोन्ही भाषांचं इतकं एकमत इकडं क्वचितच होतं), आणि एक जण पाठमोरा उभा राहून, तंबाखूचा दर विचारता विचारता, नुसताच हात हलवत होता. “थांब रं मुडद्या!” असं ओरडणारी बाळाबाई अल्पमतात होती. शिवाय मागचं चहाचं दुकान तिचंच असल्यानं तिचं मत निःपक्षपाती म्हणता येईना. एक किटली, तेरा कप आणि एक बाक कामी आले.

चौकशीला बेळगावच्या कॅम्पातून पोलीससाहेब आले. “मागं का बघितलं नाहीस?”

“अख्खी निपाणी माझ्यासाठी मागं बघत हुती साहेब. तिच्यावर अविश्वास कसा दाखवू?”

साहेबांना मुद्दा विचार करण्याजोगा वाटला. प्रत्यक्ष करून दाखवण्याचा हुकूम झाला. बातमी फुटली आणि अकरा मार्गदर्शकांचे साठ झाले.

ज्योतिबानं मोटर पुन्हा मागं घ्यायला सुरुवात केली. या खेपेला तो कमरेपर्यंत खिडकीबाहेर वाकला. साठही तोंडं ‘येऊ दे’ म्हणत होती. साहेब तर रंगातच आले होते. त्यांचे दोन्ही हात चालू होते. आणि नव्या बाकाआड हात आडवे करून बाळाबाई उभी. ज्योतिबानं करकचून ब्रेक दाबला. बाक बोटभर अंतरानं वाचला.

लोक हिरमुसले. “लई जागा हाय की रं अजून!” साहेबही म्हणाले, “वीतभर सहज आली असती.”

निकाल तिथंच लागला. ज्या अर्थी आरोपीला आज मागं बघता आलं, त्या अर्थी त्या दिवशीही बघता आलं असतं. सबब लायसन सहा महिने जप्त. न्याय इतका चोख, की खुद्द ज्योतिबालाही त्यात खोट काढता येईना. तो मान खाली घालून बाकावर बसला. बाळाबाईनं नव्या कपात चहा ओतला.

“घे आप्पा,” ती म्हणाली. त्याला भरून आलं.

साठ जणांवर काहीच कारवाई झाली नाही. ‘येऊ दे’ म्हणायला लायसन लागत नाही, म्हणून ते जप्तही करता येत नाही. बाक वाचला तेव्हा, वाचकहो, तुम्हीही जरा हिरमुसलात, हे आमच्या नजरेतून सुटलेलं नाही. पण काळजी नसावी. तुमचंही लायसन शाबूत आहे.