साळूबाईंची कागदी कमळे

एका जंगलात, मुलांनो, एक साळूबाई राहत असत. मांडी नीट घालून बसा. गोष्ट ऐकताना लोळायचे नसते.

साळूबाई अत्यंत टापटिपीच्या होत्या. त्यांच्या बिळातली वाळकी पानेसुद्धा देठ एका बाजूस करून रचलेली असत. उणे म्हणाल तर एकच, अंगभर काटे. जंगलात पंगत बसली की त्यांचे पान अगदी टोकाला मांडले जाई आणि शेजारचे पान रिकामे राही. रताळ्याची खीर तिथवर पोहोचण्यापूर्वीच संपे. खिरीचे दुःख त्या गिळीत. पण जेवताना शेजारून कोणी तरी 'अजून थोडी घ्या' असे म्हणावे, ही आस मात्र गिळता येत नसे.

त्या जंगलाची एक शिस्त होती. पंगतीपुढची रांगोळी शेवटचा पाहुणा उठेपर्यंत कोणी मोडत नसे. वाघसुद्धा वळसा घालून जाई.

एकदा सिंहीणबाई वनबंगल्यात माणसांचे टेबल पाहून आल्या. तेव्हापासून त्यांना जमिनीवरचे जेवण गावंढळ वाटू लागले. त्यांनी हत्तीकरवी ते टेबलच खुर्च्यांसकट उचलून आणवले आणि साळूबाईंना बोलावले.

"छाव्याचा वाढदिवस यंदा टेबलावर. सजावट तुम्ही करा. टेबलापाशी मानाची खुर्ची तुमची."

"शेजारी कोण असेल?" साळूबाईंनी हळूच विचारले.

"सगळेच असतील हो."

साळूबाई हर्षभराने कामाला लागल्या. सहलीच्या लोकांनी टाकून दिलेले पतंगी कागद त्यांनी गोळा केले, दगडाखाली दाबून सपाट केले. चौकोनाला घडी, घडीला पुन्हा घडी, मग दातांनी पाकळीचा काप. उलगडले की कमळ. काट्याच्या टोकाने त्यांनी पाकळ्यांवर बारीक नक्षी टोचली. दुमडलेल्या कागदाला चिरा देऊन त्याचे कंदील वळले. काम सोपे होते. परंतु एका कमळाने साळूबाईंचे समाधान होईना. वाढदिवसाच्या दिवशी टेबलाचे लाकूड तसूभरही दिसत नव्हते.

पाहुणे थक्क झाले. तेवढ्यात माकड खिरीचे पातेले घेऊन आले.

"हे ठेवू कुठे?"

"कमळांवर ठेवतोस की काय?" अस्वलमामा गुरगुरले. "रांगोळी मोडतात का, बेशिस्त?"

सगळ्यांना ते पटले. सिंहीणबाईंनी क्षणभर विचार केला आणि पाने खालीच मांडायला सांगितली. मानाच्या खुर्चीवर बसलेल्या साळूबाईही खाली उतरू लागल्या.

"तुम्ही कुठे निघालात?" सिंहीणबाई म्हणाल्या. "मानाची खुर्ची रिकामी ठेवतात का? शिवाय छावे कागद ओढतील. तुम्ही बसलात की कोणी जवळ फिरकणार नाही."

हे मात्र खरे होते.

खाली पंगत रंगली. हरणीने सशाला आग्रह केला, सशाने अस्वलमामांना.

"अस्वलभाऊ," साळूबाई वरून म्हणाल्या, "खिरीचा एक द्रोण इकडे देता का?"

"छे, छे. कमळांवर सांडली म्हणजे?" अस्वलमामांनी तो द्रोण अदबीने स्वतःच संपवला.

निघताना एकेक पाहुणा दुरूनच नमस्कार करून गेला. शेवटी सिंहीणबाई आल्या. त्यांनी टेबलाकडे प्रेमभराने पाहिले.

"सुरेख झाली हो कमळे. पुढच्या वर्षी अजून थोडी करा."

साळूबाईंनी मान झुकवली. घरी जाताना त्यांनी एक कमळ बरोबर घेतले आणि वाटेत ते चावून पाहिले. चव मुळीच नव्हती. घडी मात्र उत्तम बसली होती.

तात्पर्य: मानाची खुर्ची मिळणार असे कळताच घरून जेवून निघावे.