चढ सोडून सर्वत्र उपयुक्त

भांडुप पश्चिमेच्या टेकडीवर, जिथे रस्ता संपतो आणि धाप लागते, तिथे आमची सोसायटी आहे. मी तिचा सेक्रेटरी, देवव्रत. रिक्षावाले आमचा चढ लांबूनच पाहतात आणि मान हलवतात. तरी कोणाचीच तक्रार नव्हती, कारण घरोघरी गाड्या आहेत, इतक्या की पार्किंगमध्ये मावत नाहीत. गाडी नसलेलं घर एकच, तळमजल्यावरच्या झेवियरचं.

त्याच्या बायकोच्या, तेरेसाच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. मुलीचं, टिनाचं, लग्न टेकडीखालच्या चर्चमध्ये होतं. तेरेसाला खाली न्यायचं आणि परत वर आणायचं, म्हणून झेवियरने इलेक्ट्रिक बाइक घ्यायचं ठरवलं. गुपचूप घेतली असती तर विषय संपला असता. पण माणूस सज्जन. त्याने विचारलं.

"देवव्रत, पार्किंगमधल्या प्लगवर चार्ज केली तर चालेल ना रे?"

"ते नंतर बघू. आधी कोणती बाइक, हे ठरायला हवं."

"ते मी ठरवलंय ना!"

"एकट्याने? प्लग सगळ्यांचा आहे, झेवियर."

तातडीने 'ई-बाइक निवड उपसमिती' स्थापन झाली. सदस्य निमेश, पूर्वी आणि मी. तिघेही कारवाले, म्हणजे बाइकच्या बाबतीत पूर्ण निःपक्षपाती. झेवियरने पसंत केलेली बाइक दोन माणसांना घेऊन घाट चढणारी होती. पूर्वीने ती पहिल्याच बैठकीत नाकारली. "एवढी ताकद कशाला पाहिजे यार? खाली पोरं खेळतात." निमेशची हरकत रंगावर होती. इमारत पिवळी आणि बाइक लाल, हे त्याच्या डोळ्यांना सहन होईना. अखेर बाजारातली सर्वांत हळू, सर्वांत हलकी आणि सर्वांत पिवळी बाइक एकमताने निवडण्यात आली.

"चढावर चालवून तरी बघा रे," झेवियर म्हणाला. पण चढावर धोका असतो. म्हणून चाचणी पार्किंगच्या सपाट फरशीवर घेतली. पूर्वीने बाइक आमच्या गाड्यांमधून वाट काढत पाण्याच्या टाकीपर्यंत नेली आणि टाळ्या घेत परत आणली. 'टेकडीसाठी योग्य' हा शेरा मी स्वतः दिला.

मग बाइक ठेवायची कुठे, हा प्रश्न आला. पार्किंगमध्ये ठेवली तर गाड्यांना ओरखडे पडणार. सबब बाइक टेकडीच्या पायथ्याशी राहील आणि प्लग वर असल्याने बॅटरी हातात घेऊन वर आणावी, असा तोडगा निघाला. लग्नाच्या दिवशी मात्र बाइक वर आणण्याची विशेष परवानगी दिली. आम्ही काही दगडाच्या काळजाचे नाही. झेवियर पहाटे ती ढकलत वर घेऊन आला.

तेरेसा लुगडं नेसून मागे बसली आणि बाइक झकास उतरली. मोटर चालू करायचीही गरज पडली नाही. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकले, एकमेकांचं अभिनंदन केलं.

संध्याकाळी चढ लागताच बाइक कण्हली आणि थांबली. तेरेसा उतरून चार पावलं चालली आणि कठड्यावर टेकून रडू लागली. उपसमितीने त्याच रात्री तपास केला. बाइकमध्ये दोष आढळला नाही. चढच निकषात बसत नव्हता.

शेवटी लेकीबरोबर आईचीही पाठवणी झाली. तेरेसा तेव्हापासून मुलुंडला टिनाच्या सासरी राहते. जावई डेल्रॉय भला मुलगा आहे, पण त्याच्या आईने परवा तिला विचारलं म्हणे, "विहीणबाई, नाताळपर्यंत आहात ना?" इकडे झेवियर रोज बॅटरी उचलून वर आणतो. प्लग वापरात आहे, याचं आम्हाला समाधान वाटतं.

काल त्याने ग्रुपवर लिहिलं, "तिच्याशिवाय घर खायला उठतं. तेरेसाला घरी आणायचंय. एक दिवस कोणाची गाडी मिळेल का?"

प्रतिसाद भरभरून मिळाला. निमेशने हात जोडले, पूर्वीने फुलं पाठवली, मी अंगठा दिला. माझ्या खालोखाल तुमचाही अंगठा आला. बरोबरच आहे. तुम्ही गाडी कालच धुऊन घेतली होती.