बावीस रकान्यांचा चाकू

“असा चाकू शोधून काढलाय, की जन्मात दुसरा घ्यायला नको!” सकाळी चहा पिताना तक्तेसाहेबांनी जाहीर केलं.

“छान,” बायको म्हणाली. “आता ती काकडी चिरून द्या.”

“अगं, हा काकडीचा चाकू नाही! हा रोज खिशात बाळगायचा चाकू आहे!”

“म्हणजे रोज बाळगायचा, पण चिरायचं काही नाही?”

तक्तेसाहेबांनी चाकू खिशात घातला. अडाण्यांशी वाद घालायचा नाही, हे त्यांनी लग्नानंतर लगेचच ठरवलं होतं आणि त्यामुळेच संसार सुरळीत चालला होता.

तक्तेसाहेब हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. एका मोठ्या कार्यालयाच्या भांडारात ते एकोणीस वर्षं कारकून होते, आणि तक्ता केल्याशिवाय त्यांनी साधी टाचणीसुद्धा कधी विकत घेतली नव्हती. घरी मिक्सर घ्यायचा होता तेव्हा त्यांनी अठरा रकान्यांचा तक्ता मांडला. तो भरून होईपर्यंत तक्त्यातल्या तीन कंपन्यांनी मिक्सर बनवणंच सोडून दिलं! बायको तोवर खलबत्त्यात कुटत होती. तिचे दंड पहिलवानासारखे झाले, पण मिक्सर निर्दोष आला.

चाकूचं खूळ त्यांच्या डोक्यात मेहुण्याने भरवलं. “दाजी, भांडारातला माणूस आणि खिशात चाकू नाही? खोकी काय दातांनी उघडता?” तक्तेसाहेब खरोखरच दातांनी उघडत, त्यामुळे ते फार जिव्हारी लागलं.

मग तीन महिने यज्ञ चालला. सात चाकू, बावीस रकाने! वजन, पात्याची लांबी, मुठीची पकड, घामट हातातली पकड, उजव्या हाताने उघडणे, डाव्या हाताने उघडणे, घाईत उघडणे, अंधारात उघडणे. ते दर रविवारी दुकानात जात, चाकू उघडत, डोळे मिटून तोलत, वहीत गुण मांडत. दुकानदार त्यांच्या हातातून चाकू काढून घेई, मिटवून कपाटात ठेवी आणि पुढचा देई. अकराव्या रविवारी तो हात जोडून म्हणाला, “साहेब, एक तर घ्या, नाहीतर मला तरी नोकरीला ठेवा!” तेव्हा कुठे खरेदी झाली.

आणि तीही अगदी मुहूर्तावर, कारण आज अकरा वाजता तक्तेसाहेबांची मुख्य भांडारपालाच्या पदासाठी मुलाखत होती. पुढच्या वर्षी त्यांचं वय मर्यादेबाहेर जाणार होतं. आज नाही तर कधीच नाही! फिरती खुर्ची, काचेची केबिन, दारावर पाटी. एकोणीस वर्षं मोरीच्या दाराशेजारी बसलेल्या माणसाला याहून जास्त काही नको होतं.

बसथांब्यावर त्यांना कोटाच्या बाहीला लोंबणारा दोरा दिसला. त्यांचा चेहरा उजळला. खिशातून चाकू निघाला, अंगठा सरकला, खट्! पातं बाहेर. दोरा तुटून पडला. शेजारच्या आजोबांनी कौतुकाने पाहिलं. तक्तेसाहेबांनी रुबाबात पातं मिटवायला घेतलं.

ते मिटेना!

त्यांनी दाबलं. गुडघ्यावर टेकवून दाबलं. बाकावर टेकवून दाबलं. मग त्यांना रकाना क्रमांक नऊ आठवला. ‘लॉक: एकदा उघडला की आभाळ कोसळलं तरी मिटणार नाही. दहापैकी दहा.’ उघडण्याचे चार रकाने होते आणि मिटवण्याचा एकही नव्हता! मिटवणं कायम दुकानदाराकडे होतं.

त्यांनी घाम पुसत घरी फोन लावला. “अगं, खोक्यातलं पत्रक काढ! चाकू मिटवतात कसा, ते वाच!”

“वाचू काय? अक्षरं मुंग्यांसारखी आहेत. एक चित्र आहे. त्यात अंगठा आहे.”

“अंगठा कुठे ठेवलाय?”

“कुठेही असो, त्याच्यावर फुली मारलीय!”

तेवढ्यात बस आली. उघडा चाकू खिशात घालणं शक्य नव्हतं. ते तो हातात धरूनच चढले. अख्खी बस पुढच्या बाजूला सरकली. “घाबरू नका, लॉक आहे!” ते ओरडून सांगत होते. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना खिडकीजवळची जागा मिळाली. वाहकाने तिकीट मागितलं नाही. तेच त्याच्या मागे फिरत होते, “अहो, तिकीट द्या ना!” आणि तो बिचारा ‘राहू द्या, राहू द्या’ करत मागे मागे जात होता.

कार्यालयाच्या फाटकावर पहारेकऱ्याने अडवलं. “हत्यार आत नेता येणार नाही.”

“मग तुमच्याकडे ठेवा.”

“ठेवलं असतं हो, पण धारदार वस्तू बंद स्थितीतच जमा करायची, असा नियम आहे. हा उघडाय.”

“मग मी करू काय?”

पहारेकऱ्याने बराच विचार केला. “कार्यालयीन साहित्य म्हणून लिहितो. साहित्य आत न्यायला परवानगी आहे.” आणि त्याने नोंदवहीत लिहिलंसुद्धा: ‘मुलाखतीचे साहित्य, नग एक.’

तक्तेसाहेबांनी नग रुमालात गुंडाळला, फाइलीत सरकवला आणि अकराच्या ठोक्याला ते आत गेले. आत मोठे साहेब होते, छोटे साहेब होते आणि तिसरी खुर्ची रिकामी होती.

“आणा तुमची प्रमाणपत्रं,” छोटे साहेब कंटाळून म्हणाले.

तक्तेसाहेबांनी फाइल उघडली. रुमाल सुटला. प्रमाणपत्रं जमिनीवर पडली आणि चाकू हातात राहिला.

छोट्या साहेबांचा रंग उडाला. “भाच्याचं तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कोणाच्या भाच्याचं?”

“कोणाच्याच नाही! मला भाचाच नाही! मला बहीणच नाही!”

“साहेब, गैरसमज नको,” तक्तेसाहेब चाकू हलवत समजूत घालू लागले. “हा मी खास आजच्यासाठी आणलेला नाही. तीन महिने विचार करून घेतलाय. आता रोजच आणणार!”

मोठे साहेब खुर्चीसकट भिंतीला टेकले. “तुमची निवड झाली! अभिनंदन!”

“पण तुम्ही प्रश्न तर विचारले नाहीत!”

“प्रश्न कसले विचारायचे! एकोणीस वर्षांचा अनुभव तोंडावर दिसतोय की!” मोठ्या साहेबांनी निवडपत्राचा कागद पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि तक्तेसाहेबांचं नाव लिहिलं. आता फक्त सही राहिली होती.

तक्तेसाहेबांचे डोळे भरून आले. जगात न्याय आहे! कष्टाची किंमत आहे!

इतक्यात दार उघडलं आणि तिसऱ्या खुर्चीच्या मालकीण आल्या. बाहेरून बोलावलेल्या तज्ज्ञ मॅडम. “सॉरी हं, लिफ्ट बंद होती. अरे वा! हा चाकू तर माझ्याकडे पण आहे!”

“मॅडम!” तक्तेसाहेब बुडणाऱ्या माणसासारखे त्यांच्याकडे वळले. “तुम्हाला मिटवता येतो? सकाळपासून मिटत नाहीये हो! बसमध्ये लोक काय काय समजले!”

“आत पत्र्याची पट्टी आहे ना, ती बाजूला सारायची.” मॅडमनी पट्टी सारली. टिच्! चाकू मिटला.

तक्तेसाहेबांनी सुटकेचा निःश्वास सोडला. “उपकार झाले! मॅडम, तुम्ही किती महिने अभ्यास केला होता?”

“अभ्यास कसला? दुकानात उघडला, मिटवला, घेतला.”

समोर मोठे साहेबही सुटकेचा निःश्वास सोडत होते. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, पेनाला टोपण लावलं आणि कागद चार तुकडे करून टोपलीत टाकला. “बरंय. काय ते आम्ही कळवू.”

“आणि जाताना,” छोटे साहेब म्हणाले, “बाहेर माझा भाचा बसलाय, त्याला आत पाठवा.”

दुपारी बायकोचा फोन आला. “अहो, काय झालं? निवड झाली का?”

“झाली होती,” तक्तेसाहेब मोरीच्या दाराशेजारून म्हणाले.

“होती म्हणजे?”

“चाकू उघडा होता, तोपर्यंत झाली होती.”