डाव्या दाराचा उपास

गेनूतात्यांच्या मोटारीत बसायचं तर आधी दोन्ही मुठी उघडून दाखवाव्या लागत. एकदा फौजदारसाहेबांच्या मुठीत भाजलेले शेंगदाणे निघाले. तात्यांनी ते त्यांना भर रस्त्यात उभ्याने खायला लावले आणि मगच दार उघडलं. माझ्या पहिल्या खेपेला माझ्या हातात खडूचा तुकडा होता. "ठिवा खिशात, आन् खिशाला बटन लावा," तात्या म्हणाले. "दाराला पोट हाय, मास्तर."

मी साठ सालच्या आसपास शाळामास्तर म्हणून मुळशीत, मुळेकाठच्या त्या गावी गेलो. गावात मोटार एकच, आणि ती तात्यांची. तरुणपणी ते धरणावरच्या एका गोऱ्या साहेबाचे ड्रायव्हर होते. साहेब मायदेशी जाताना मोटार यांच्या गळ्यात बांधून गेला. तिचा मूळ रंग कोणता, यावरून चावडीत दोन तट होते. तात्या कुठल्याच तटात नव्हते. ते म्हणत, "चालती का न्हाई, ते बगा."

चालायची. वर्षातले बरेच महिने छपराखाली असायची, पण लग्नसराईत आसपासच्या सगळ्या नवऱ्या तिच्यातूनच सासरी जात. आमच्याकडे नवरी जाताना वाटेत नदी लागली की ओटीतले मूठभर तांदूळ आणि सुपारी नदीला वाहते. कुणी गाडीतूनच टाकते. तात्यांकडे ते चालत नसे. ते नवरीला खाली उतरवत, पाण्याच्या कडेला नेऊन उभी करत आणि तिची मूठ रिकामी झालेली स्वतः पाहून मग परत बसवत. शालू चिखलात लोळो, वरमाय नाक मुरडो, मागे ट्रकमध्ये वऱ्हाड बोंबलो, तात्या ढिम्म हलायचे नाहीत.

एवढा पहारा ठेवूनही काचेच्या फटीतून दारात काहीबाही पडायचंच. म्हणून लग्नं संपली की तात्या मारुतीच्या देवळासमोर एकेक दार खोलून बसत. हा सोहळा पाहायला निम्मं गाव जमे. काच फिरवायचा दांडा, त्याची खीळ, कडेचे स्क्रू, सगळं काढल्या क्रमाने परातीत मांडलं जाई. ती परात कुणी ओलांडली तर तात्या सगळं पुन्हा बसवून पहिल्यापासून सुरुवात करत. आतला रेक्झिनचा पुठ्ठा ते उलथन्याने सोडवत, तव्यावरची भाकरी सोडवावी तसा कडेकडेने. घरात बाईमाणूस नव्हतं, त्यामुळे तेच उलथनं संध्याकाळी चुलीवर असे.

मग दाराच्या पोटातून अक्षता, फुटाणे, बांगड्यांचे तुकडे निघत. तात्या वैद्याच्या थाटात म्हणत, "अपचन झालंया. काच वर कशी जाईल?"

खोलत नसत ते फक्त मागचं डावं दार. त्याची काच अर्ध्यावर अडकलेली होती. त्या बाजूला बसणारा माणूस पुण्याला पोचेपर्यंत वाटेतल्या भूगावची धूळ नाकातोंडात भरून घेई. मी सहा वर्षं त्यावरून त्यांची टर उडवली. सगळ्या दारांना रेच देता, या एकाने काय पाप केलंय? तात्यांचं उत्तर ठरलेलं होतं.

"त्या दाराचा उपास हाय."

त्या पौषात पुण्याच्या दवाखान्यात माझी बायको बाळंत झाली. दिवस भरायच्या आधीच झालेलं पोर अशक्त होतं. थंडी मी म्हणत होती. तान्ह्याला वारा लागू देऊ नका, असं डॉक्टरीणबाईंनी मला बजावलं होतं. मोटार न्यायला तात्या एका पायावर तयार होते, पण अर्धी उघडी काच पाहून माझा धीर होईना. मी म्हटलं, "तात्या, तिथे गोणपाट ठोकू या."

तात्यांनी दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "गोणपाटातनं वारं येतंय. परात आणा."

या वेळी गाव जमलेलं नव्हतं, आम्ही दोघंच होतो. दांडा निघाला, स्क्रू निघाले, उलथनं फिरलं. पुठ्ठा सुटला तसे आतून पिवळे पडलेले, किडके तांदूळ परातीत घरंगळले. काच उचलणाऱ्या चाकाच्या दात्यांत एक सुपारी रुतून बसली होती. मी ती काढायला हात घातला, तर तात्यांनी माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ द्या. हौशीची हाय."

हौसा त्यांची एकुलती मुलगी. मी गावात यायच्या दोन वर्षं आधी ती सासरी गेली होती, आणि पहिल्याच बाळंतपणात मायलेकरं दोन्ही गेली होती. मला एवढंच ऐकून ठाऊक होतं. बाकीचं तात्यांनी दात्यांतली सुपारी सोडवता सोडवता सांगितलं.

"पोर कधी मागं काचंशी बसली न्हवती. काच अर्धी वर हुती, तिला दिसलीच न्हाई. नदीला म्हनून टाकलं, ते काचंवर आपटून दारात गेलं. मी आरशात बगितलं, मास्तर. पर मागं वऱ्हाड खोळंबलं हुतं. म्हनलं, माघारी येताना काढू आन् टाकू. मग ऱ्हाऊनच गेलं. तिची वटी नदीला पोचलीच न्हाई."

सहा वर्षं केलेली थट्टा आठवून मला शरमेने मान वर करवेना. तात्यांनी परातीतला एकूण एक दाणा वेचून सुपारीसकट रुमालात बांधला. मग दार पुन्हा बसवलं. काच सरसर वर गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही बाळाला घेऊन पुण्याहून निघालो. सगळ्या काचा बंद होत्या, गाडीत छान ऊब होती, पोर आईच्या कुशीत गाढ झोपलं होतं. गावाजवळच्या फरशीपुलाशी तात्यांनी मोटार थांबवली. खाली उतरून त्यांनी आपल्यामागे दार लावून घेतलं, वारा आत येऊ नये म्हणून. ते पाण्याच्या कडेला गेले. रुमाल सोडून तांदूळ आणि सुपारी त्यांनी मुठीत घेतली आणि वाकून पाण्यात सोडली. मग थोडा वेळ तिथेच उभे राहिले.

परत आले ते आपल्या दाराशी न जाता मागच्या डाव्या काचेपाशी आले. आत माझी बायको बाळाला घेऊन बसली होती. तात्यांनी काचेबाहेरून आपल्या दोन्ही मुठी उघडून तिला दाखवल्या.

तिने मान हलवली, तेव्हा ते गाडीत बसले.