वामनरावांची तिरफळं

जेवायला बोलावलेल्या माणसाकडून मसाला परत मागणारा गृहस्थ मी एकच पाहिला. सारंगखेड्याच्या शाळेत माझ्याबरोबर शिकवणारे वामनराव मास्तर. कढीत, आमटीत, तापीच्या माशात ते तिरफळं टाकत. वाढताना बजावत, "पानात आलं तर खाऊ नका. कडेला ठेवा." हात धुवायच्या आत वाटी घेऊन पंगतीतून फिरत आणि ती वेचून घेत.

मास्तर मूळचे मालवणकडचे. तिरफळ हे तिकडच्या रानातलं काटेरी झाडाचं फळ. वाळलं की मिरीएवढं, वासाला लिंबाच्या सालीसारखं, चावलं तर जीभ बधिर करणारं. आमच्या मुलखात कोणी ते पाहिलेलंही नव्हतं. पहिला घास घेतला की मास्तर पुढे वाकून, वास आला ना, असं आपल्या मालवणीत विचारत, "वास इलो मां?"

पहिल्याच वर्षी त्यांचे घरमालक दगडूआप्पा फसले.

"लवंग समजीसन चावी टाकी ना मी! मास्तर, जीभ कोठे गई मन्ही?"

"थुकू नकात!" मास्तरांनी ताटापाशी गुडघ्यांवर बसून वाटी पुढे केली. "हळूच हयसर काढा."

"मास्तर उष्टं बी परत मांगतस," असं आप्पांनी गावभर केलं. गावानं मास्तरांना चिक्कू ठरवलं. मास्तरांनी कुणाला काही सांगितलं नाही. धुतलेली तिरफळं खिडकीत वाळवून ते पुन्हा डबीत भरत.

काही वर्षांनी आप्पांनी मुद्दाम एक चावलं आणि वाट पाहत बसले. जीभ जागच्या जागी.

"मास्तर, हाई ते आते लाकूड शे!"

सगळे हसले. मास्तरांनी ते अर्धं तिरफळ उचलून वाटीत ठेवलं.

पंगत उठल्यावर मी भांडी घासायला बसलो, तेव्हा ते मान खाली घालून म्हणाले, "ही माझ्या बायकोनं काढलेली, गुरुजी. काटे टोचायचे, तरी दुसऱ्या कुणाला झाडाला हात लावू द्यायची नाही. त्याच वर्षी तापानं गेली."

मला वाटलं, औषध सोपं आहे. कोकणात जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून मी ताजी तिरफळं मागवली. मास्तरांनी पुडी उघडली, नाकाशी धरली, बराच वेळ धरली.

"इलो," ते म्हणाले.

आणि पुडी आप्पांच्या घरी देऊन टाकली. संध्याकाळच्या आमटीत पुन्हा तीच जुनी पडली. "वास इलो मां?" त्यांनी विचारलं. आम्ही "इलो" म्हणालो. आप्पासुद्धा.

गेल्या थंडीत मास्तर गेले. त्यांच्या मागे कोणी नव्हतं. डबी माझ्याकडे आली.

रविवारी मी आमटी केली. एकट्यापुरतीच. जेवलो, ताटातली तिरफळं वेचली, धुतली आणि खिडकीत पसरली. आप्पा शेताकडे निघाले होते. खिडकीशी थबकले, तिरफळांकडे पाहत राहिले.

"वास उना का, गुरुजी?"

"उना, आप्पा."