कांचनाचा पोशाख

"झाडाला काही झालं, तर मला तोंड दाखवू नका, जावईबापू!" असा आशीर्वाद देऊन सासरेबुवा थोरल्या मुलाकडे निघून गेले आणि त्यांच्या अंगणातलं कांचनाचं झाड शिंप्याच्या गळ्यात पडलं.

एरवी झाड शेजारी सांभाळत. पण ते घर सोडून गेले आणि त्यांच्या जागी शेळीसकट एक निवृत्त शिक्षिका राहायला आल्या. शेळीपेक्षा जावई बरा, असं सासरेबुवांनी मोठ्या कष्टानं ठरवलं.

हा जावई चांगला नावाजलेला शिंपी. पण सासरेबुवांनी आजवर त्याच्याकडून साधा रुमाल शिवून घेतला नव्हता. कापड घेऊन ते दूरच्या शिंप्याकडे जात आणि नवा शर्ट घालून मुद्दाम जावयाच्या दुकानावरून येत. झाड जगवून दाखवलं, तर म्हातारा एक तरी शर्ट आपल्याकडे टाकेल, एवढीच बिचाऱ्याची आशा.

झाड तसं लहानखुरं, वाकड्या खोडाचं. पान मात्र बघत राहावं असं: मधोमध चीर, जणू देवानं कापता कापता कात्री ऐनवेळी थांबवली. पण सासरेबुवांची पाठ फिरली आणि पानं पिवळी पडली. शिंप्यानं पाणी घातलं, पानं गळली. पाणी बंद केलं, उरलेलीही गळली.

"अहो, बाबांना फोन करून विचारू का?" बायको म्हणाली. झाड तिच्या लग्नानंतर लावलेलं, तिलाही त्याच्या खोडी ठाऊक नव्हत्या.

"काय विचारणार? झाड मेलंय, पुढे काय करू?"

"मग करणार तरी काय?"

शिंप्यानं झाडाकडे निरखून पाहिलं. त्याला मेलेलं झाड दिसेना, कपडे नसलेलं गिऱ्हाईक दिसू लागलं.

हिरवं अस्तर आलं, कागदाचा नमुना झाला, मशीन धडधडू लागलं. कडा दुमडून, शिरांच्या जागी टीप मारून पानं फांद्यांवर चढली. अस्तर संपलं तेव्हा दवाखान्याच्या, शिवायला आलेल्या पडद्यांचं कापड कामी आलं. पडदे इतके आखूड झाले, की आत तपासायला घेतलेल्याचे गुडघे बाहेरच्या बाकावरून ओळखू येऊ लागले.

"धुतल्यावर आटलंय हो कापड," शिंपी डॉक्टरांना म्हणाला.

"अहो, अजून धुतलेच नाहीत!"

"म्हणजे अजून आटणार. आत्तापासून सवय करून घ्या."

एवढ्यात शेजारच्या शेळीनं एक पान ओढलं, चघळलं आणि थुंकलं.

"आमची शेळी दगड सोडून सगळं खाते," शिक्षिका म्हणाल्या. "तिनं थुंकलं म्हणजे पान नक्की औषधी!" त्यांनी ते गुडघ्याला बांधलं आणि ठणठणीत बऱ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी कुंपणाशी मैत्रिणींची रांग. त्या पानं तोडत, शिंपी शिवत. दुकानातली गिऱ्हाइकं परत जाऊ लागली.

आणि एका सकाळी बायको ओरडली, "अहो, लवकर या!"

कापडी पानांमधून गुलाबी-जांभळी फुलं डोकावत होती. मेलेलं झाड फुललं कसं, म्हणून शिंपी फुलं चाचपून बघतोय, तोच फाटक वाजलं. सासरेबुवा!

ते झाडाखाली गेले. पान धरलं, उलटं केलं, टीप नखानं खरवडून पाहिली.

"मामा, मी सांगतो..." शिंपी पुढे झाला.

"हा फुलण्याआधी दरवर्षी पानं टाकतो," सासरेबुवा म्हणाले. "आपल्या हातानं वाढवलेलं झाड असं उघडंबोडकं बघवत नाही मला. म्हणून तर या दिवसांत मी पळ काढतो." "टीप सरळ आहे हो तुमची. संध्याकाळी टेप घेऊन या. माप घ्यायचंय."

शिंप्याला आकाश ठेंगणं झालं. तो नवा टेप, नवा खडू घेऊन आणि इस्त्रीचा शर्ट घालून हजर झाला. सासरेबुवा अंगणातच उभे होते. त्यानं लगबगीनं त्यांच्या खांद्याला टेप लावला.

"अहो, माझं काय घेताय? माझे शर्ट तिकडेच शिवले जातात," सासरेबुवांनी टेप झटकून फांदीकडे बोट केलं. "ह्याचं घ्या. आणि पुढच्या वर्षासाठी जरा ढगळच शिवा, वाढत्या अंगाचं आहे."