सात नंबरचे मशीन

दौलतरावांची भेट झाली की आपले मुखावलोकन करण्यापूर्वी ते आपल्या वस्त्राचा काठ चिमटीत धरतात. एक तंतू ओढतात, उलगडतात आणि निर्णय देतात. उंद्रीच्या एका विवाहात त्यांनी नवरदेवाच्या शेरवानीची अशीच परीक्षा केली आणि भर मंडपात जाहीर केले, "निव्वळ पॉलिस्टर हाय. याले समईपासून लांब उभं करा बे!"

समई हलविण्यात आली.

पूजेचे माझे सोवळे शुद्ध आहे, अशी माझी अनेक वर्षांची श्रद्धा होती. त्यात चार आणे भेसळ निघाली. शास्त्राधार विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

दौलतराव तालुक्याच्या सूतगिरणीत जॉबर होते. बिघडलेली यंत्रे ते दुरुस्त करीत. गिरणी बंद पडून बरीच वर्षे लोटली, तरी भोंग्याच्या वेळेपूर्वी त्यांचे स्नान आजही आटोपलेले असते. देशाच्या वस्त्रोद्योगावर त्यांचे एकच भाष्य आहे : "आपला कापूस हजार कोस जाते अन् सदरा होऊन वापस येते. मधातलं काम कोणाचं गेलं?"

दुसरा आवडता विषय सात नंबरचे मशीन. "लय द्वाड होतं, गुरुजी. दिवसातून धा खेपा धागा तोडे. मी गेल्याशिवाय ऐकतच नोहतं." त्या यंत्रावर सूत गुंडाळणारी सुमन पुढे त्यांची पत्नी झाली, हा तपशील ते ओझरता सांगत. सुमनबाई निवर्तल्याला आता दोन वर्षे झाली.

यंदा चिखलीकडे नवी गिरणी उभी राहिली. दौलतरावांनी जुना खाकी गणवेश इस्त्री केला. "नुसत्या आवाजावरून मशीनचं दुखणं सांगतो मी. घेतील ना, गुरुजी?" असे तीनदा विचारून ते निघाले.

सायंकाळी ते मंदिराच्या पायरीवर येऊन बसले. माझे उपरणे कोरे होते; त्यांनी हातही लावला नाही. मला भय वाटले.

"घेतले का कामावर?"

"साहेबानं चहा पाजला. एवढ्या मोठ्या खात्यात दोन माणसं. धागा तुटला का मशीनच जोडते. सांधा दिसत बी नाही. माह्याहून चांगलं काम हाय."

त्यांचे समाधान व्हावे म्हणून मी म्हणालो, "तिथे सात नंबरसारखे द्वाड यंत्र असते, तर तुमच्यावाचून अडले असते."

"सात नंबरले काहीच झालं नोहतं, गुरुजी. धागा सुमनच तोडे."

"तुम्हाला कधी कळले?"

"पहिल्याच हप्त्यात. तरी मी रोज पाना घेऊन जायचो. शेवटच्या दुखण्यात तिनं कबूल केलं. म्या म्हटलं, असं काय? मले तं माहीतच नोहतं." त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. "त्या नव्या मशीनजोळ कोणी कोणाले बोलावतच नाही हो."

मग त्यांनी माझ्या उपरण्याचा काठ चिमटीत धरला. तंतू मात्र ओढला नाही.